आत्याचा शब्द

"पीळ, अजून पीळ! एवढ्या दुधात माशीचे पायसुद्धा भिजायचे नाहीत," लोसालिने म्हणाली, तशी निरफणसाखाली बसलेली सगळी पोरं खिदळली.

पाच वर्षांच्या नाइतेने ओल्या खोबऱ्याच्या किसाची मूठ पुन्हा आवळली. वाडग्यात चार थेंब पडले.

बालवाडी चालवणाऱ्या लोसालिनेच्या खेळांसाठी पोरं हपापलेली असत. कीस पिळून कुणाचं वाडगं आधी भरतं, केवड्याच्या पातीची सगळ्यांत बारीक पट्टी कोण काढतं. वर्षभरात बोटं अशी तयार होत की पहिलीच्या बाईंना पेन्सिल धरायला शिकवावं लागत नसे. मागे पडत होती ती फक्त तिच्या भावाची मुलगी नाइते, आणि हे लोसालिनेच्या जिव्हारी लागलं होतं. पोर कामचुकार आहे, असं तिने ठरवून टाकलं. मग घरीही ती नाइतेला पीठ मळायला बसवी, पात्या फाडायला लावी. टोंगाच्या बेटांवर आत्याच्या शब्दापुढे खुद्द तिचा भाऊही ब्र काढत नाही.

"वन्सं, झोपताना हात दुखतात म्हणते ती," भावजय वाइओला एकदा चाचरत म्हणाली होती.

"दुखणारच! कामाला लागलेत ना. तू उगाच लाड करू नकोस."

वाइओला गप्प बसली ती बसलीच.

नाइतेच्या हातून चमचा पडू लागला, तेव्हा कुठे तिघी इस्पितळात गेल्या. परदेशी डॉक्टरने बोट पुढे केलं. नाइतेने ओठ चावून ते मुठीत दाबलं. मग तो बराच वेळ बोलला आणि नर्सने सांगितलं, "नसांचा आजार आहे. औषध नाही. ताकद कमीच होत जाणार. नको तेवढे दमवलेत हो हात हिचे. केव्हापासून दुखतात?"

"वर्ष झालं," वाइओला म्हणाली.

"अगं, मग आधी नाही का आणायचं?"

वाइओलाने मान खाली घातली. आताही तिने नणंदेचं नाव घेतलं नाही. वाइओलाने ओरडावं, चारचौघांत माझी लाज काढावी, असं लोसालिनेला वाटत होतं. आयुष्यभर मिरवलेल्या मानाची तिला किळस आली.

बाहेर बाकावर नाइते तिला चिकटून बसली.

"आत्या, आज मी आळस नाही केला. केवढ्या जोरात दाबलं मी! डॉक्टरांना दुखलं असेल?"

"खूप दुखलं असेल गं."

"मग उद्या बालवाडीत सगळ्यांना सांगशील?"

"सांगेन," लोसालिने म्हणाली. वाइओलाकडे बघायची तिला हिंमत झाली नाही.