गुरुवारची सुट्टी

काच पुन्हा फुटली. शनिवार पेठेतल्या एका स्पीकरच्या दुकानाच्या थंडगार खोलीत सकाळपासून सिनेमातली तीच एक काच फुटत होती आणि आमचा अभय डोळे मिटून, मान वाकडी करून ती ऐकत होता.

"पप्पा, आता फरक कळला?"

"कळला," मी म्हणालो. डोंबलाचा फरक! मला आधीही काच फुटल्यासारखी वाटली होती, आताही तशीच वाटली.

दुकानदाराने घड्याळाकडे बघितलं. "साहेब, अँप्लिफायर घ्यायचाय, की अख्खा सिनेमा तुकड्यातुकड्याने इथेच संपवायचाय?"

"विचार करून सांगतो," म्हणून अभय उठला. तीन महिने त्याचा विचारच चालला होता.

माझं डोकं सणकलं होतं, कारण त्या रविवारी मी मुद्दाम रजा टाकली होती. आमच्या भोसरीच्या कारखान्याला सुट्टी गुरुवारची. अभय शाळेत होता तेव्हा त्याला रविवार आणि मला गुरुवार. आता तो हिंजवडीला कॉम्प्युटरवर, त्याला शनिवार-रविवार. मला आपला गुरुवारच. त्यात दुरुस्तीच्या नावाखाली आमच्या येरवड्यात लाइट घालवायचे तेही गुरुवारीच. म्हणजे जन्मभर सुट्टीच्या दिवशी मी घरात एकटा, वर्तमानपत्राने वारा घेत बसलेला. पोरगा कधी वाढला, मला कळलंसुद्धा नाही. आणि आता कंपनी त्याला दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवत होती. जाण्याआधी दोघांनी शेजारी बसून एक सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघावा, एवढीच माझी इच्छा. काही फार मागत होतो का?

बोनस मिळाल्यावर त्याने पाच स्पीकर आणि धडधडणारा एक डबा आणला होता. त्यासाठी हॉलमधलं शोकेस हललं, सोफा हलला. "बाबासाहेबांचा फोटो मात्र हलणार नाही," असं माझ्या बायकोने, द्वारकाने बजावलं, म्हणून तेवढा जागेवर राहिला. मग कळलं, स्पीकरना आवाज पुरवायला सोबत घेतलेल्या रिसीव्हरमध्ये दमच नाही. आवाज चढवला की टक् करून बंद.

"त्याच्याच्याने हे स्पीकर ओढवत नाहीत, पप्पा. ताकद लावायला वेगळा पॉवर अँप्लिफायर लागणार."

एक दुकानदार म्हणाला, पुढच्या दोन स्पीकरपुरता घ्या. दुसरा म्हणाला, घ्यायचा तर पाचांचा घ्या. तिसरा म्हणाला, तुमचे स्पीकरच चुकले. इंटरनेटवर कुणी एक अनोळखी माणूस म्हणाला, हे तिघेही मूर्ख आहेत. आमच्या चिरंजिवांचा विश्वास त्याच्यावर!

त्या रविवारी संध्याकाळी मी म्हणालो, "आहे तसं लाव रे. आवाज कमी ठेवू."

"कमी आवाजात बघायचं तर टीव्ही काय वाईट होता?"

तरी लावला. विमानांचा, लढाईचा सिनेमा होता. मी चष्मा पुसून बसलो. पहिलं विमान डोक्यावरून गेलं आणि टक्. पुन्हा लावला. पुन्हा टक्.

"नको पप्पा. अर्धवट मजा नाही. अँप आला की नीट बघू."

"अरे, मला तुझा अँप नाही बघायचा! सिनेमा बघायचाय!" मी ओरडलो. तुझ्याबरोबर, हे मात्र काही तोंडातून निघालं नाही. तो वायरी गुंडाळू लागला.

शेवटी एकदाचा अँप्लिफायर ठरला, पाचही स्पीकरचा. दुकानदाराने तो घरी पाठवला अभय निघायच्या दिवशी. वार गुरुवार. सकाळपासून लाइट नव्हते, लिफ्ट बंद. आम्ही दोघांनी ते धूड जिन्याने धापा टाकत वर आणलं. अभयने गॅलरीच्या उजेडात वायरींची टोकं सोलली, सगळं जोडलं, सिनेमाची डिस्क आत घालून ठेवली. द्वारका ताट घेऊन मागेमागे. "अरे, दोन घास तरी खा!" मी दहा वेळा बटण खालीवर करून बघितलं. वीज कंपनीत फोन केला.

"काम चालू आहे, येतील," पलीकडचा माणूस म्हणाला.

"कधी?"

"आले की कळेलच तुम्हाला."

मुंबईच्या विमानतळाची टॅक्सी खाली हॉर्न वाजवायला लागली. अभय आमच्या पाया पडला. दारातून मागे वळून म्हणाला, "पप्पा, लाइट आले की लावून बघा. सोफ्यावर मधोमध बसा, तिथेच आवाज बरोबर येतो. विमानांच्या वेळी फाटतो का, सांगा मला."

"हो हो. तू नीघ आता, उशीर होतोय."

गॅलरीतून टॅक्सी दिसेनाशी झाली. आम्ही आत येऊन बसलो, आणि तासाभरात लाइट आले. इतका राग आला, वाटलं मेन स्विचच उपटून फेकावा. पंखा खडखडायला लागला. अँप्लिफायरवर निळा दिवा लागला. मी सोफ्याच्या कडेला बसलो होतो, तिथेच बसून राहिलो.

"लावता का?" द्वारकाने विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"पप्पा, लोणावळ्यापर्यंत आलोय. लाइट आले का?"

मी वर पंख्याकडे बघितलं.

"नाही रे अजून. गुरुवार आहे ना."

"अरे यार... मग?"

"मग काय? तू आलास की बघू. नीट जा."

द्वारका उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने हळूच पंख्याचं बटण बंद केलं.