उभे लुगडे

"पावती कायची मांगतं वं, तारा? विहारात देल्या वस्तूची पावती राहते काय?"

कांताबाईंनी सर्वांदेखत असे ठणकावल्यावर तारा ओशाळून मागे सरली. नागपुरात जरीपटक्यापलीकडच्या त्या विहाराच्या किल्ल्या एकतीस वर्षे कांताबाईंच्या कमरेला होत्या. तिथे त्यांच्यापुढे बोलण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. वस्तीतलीच वैभवी बडोद्याला कला शिकून आली होती आणि धम्मदीक्षेच्या दिवसानिमित्त विहारात दहा दिवसांची कलाकृती मांडणार होती. त्यासाठी तिला घरोघरची जुनी पांढरी लुगडी हवी होती. ज्यांना लुगडे परत हवे त्यांना पावती द्यायला समितीचा सचिव संघपाल वही घेऊन बसला होता.

"काकू, तुमची तरी फाडू द्या पावती."

"दान आहे हे. ठेव तुही वही."

आणि त्यांनी आपल्या आईचे, रुखमाबाईंचे लुगडे वैभवीच्या हातावर ठेवले. छप्पन साली दीक्षेला पांढरे नेसून जायचे होते; खाप्याहून निघताना रुखमाबाई तेच नेसल्या होत्या. सासू दारात आडवी आली होती, "नवरा जिता असून पांढरं काहून नेसतं वं?" रुखमाबाई तिला वळसा घालून चालू लागल्या. सहा वर्षांच्या कांताच्या मुठीत त्याच लुगड्याचा पदर होता. तेव्हापासून ते वर्षातून एकदा पेटीतून निघे, रिठ्याच्या पाण्यात धुतले जाई, सावलीत वाळे. आपण गेल्यावर आपल्याला त्यातच गुंडाळावे, असे कांताबाईंनी सुनेला दोनदा बजावले होते.

दान हा शब्द त्यांच्या तोंडून ताराला गप्प करण्यापुरता गेला होता. दहा दिवसांनी लुगडे घरी येणारच, हे त्या गृहीत धरून होत्या.

चार दिवसांनी वैभवीने पडदा सारला. वर दोरीवर पावती घेतलेल्यांची लुगडी झुलत होती. त्यांत ताराचेही होते; तिने मागाहून गुपचूप पावती घेतली होती. खाली मात्र सात लुगडी उभी होती. आत बाई नाही, तरी बाईसारखी. खांदा, कंबर, चालताना पुढे पडलेला पाय. पहिल्याच लुगड्याचा पदर मागे ओढल्यासारखा ताणलेला होता, जणू तो कुणीतरी धरला आहे. कांताबाईंनी ठिगळावरून ते ओळखले. क्षणभर त्यांना आई दिसली.

मग त्यांनी हात लावला. पदर दगडासारखा लागला.

"हे कायनं असं झालं वं?"

"प्लास्टरमंदी भिजवलं, आजी. दानात आलेलीच घेतली फक्त. बाकीची वापस कराची आहेत न."

"धुतल्यानं निंघन?"

"नाही निंघत." वैभवीचा चेहरा उतरला. "काहून आजी? तुमाले वापस पाह्यजे होतं काय?"

मागे तारा उभी होती. संघपाल उभा होता. सारी वस्ती उभी होती. कांताबाईंनी कमरेच्या किल्ल्या चाचपल्या.

"नाही. दान देल्लं ते देल्लं. दहा दिवसानं काय करतं याचं?"

"मोडा लागन. ते कामच तसं आहे, आजी. तुमीच त शिकवलं न मले, इथंच, रविवारच्या वर्गात. सारं अनित्य आहे म्हणून."

"हो," कांताबाई म्हणाल्या. "बराबर शिकवलं होतं."

पुढचे दिवस त्या रोजच्यासारख्या येत, फरशी पुसत, दिवा लावत. पाहुणे येत, फोटो काढत, वैभवीची पाठ थोपटत. एका बाईने विचारले, "यातलं तुमचं कोणतं, मावशी?" कांताबाईंनी पुढे चालणाऱ्या लुगड्याकडे बोट केले आणि फडके पिळायला बाहेर गेल्या.

दहाव्या दिवशी सकाळी दाराशी टेम्पो लागला. मजूर हातोडी घेऊन आत आले. एकेक लुगडे दोन घावांत कोसळत होते आणि पांढरी धूळ फरशीवर बसत होती. सहा झाली.

"हे राहू दे," कांताबाई म्हणाल्या.

"काकू, टेम्पोत मावत नाही अख्खं," संघपाल हळूच म्हणाला.

"मावन. आडवं केलं का मावन."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. ताणलेल्या पदराला हात देऊन लुगडे हळूहळू कलते केले, फरशीवर निजवले. पुढे टाकलेला पाय तसाच वर राहिला; तो दाबून पाहिला, तो दबला नाही.

"संघपाल, पायाकडून धर."

संघपालने चपला काढल्या आणि पायाकडून धरले. कांताबाईंनी डोक्याकडून उचलले. मजूर आपसूक बाजूला झाले, आणि दोघे पावले मोजत दारापर्यंत गेले.