शिंपिणीच्या अंगणातली डाकीण

“धरतीमाता कधीच खोटं बोलत नाही!” महाराज गरजले, आणि लगेच त्यांना लागोपाठ सात शिंका आल्या. वस्तीला लागून असलेल्या खाणीच्या गाळाची धूळ साधुसंत ओळखत नाही.

गर्दीने शिंकांनाही हात जोडले. शिंपिणीच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. तिच्या सात वर्षांच्या लेकीला महिनाभर पोटात कळा आणि अंगाला झटके येत होते. घरात डाकीण आहे का, हे आज माती सांगणार होती.

महाराजांनी अंगणातली चिमूटभर माती कपात टाकली, वर आंबट ‘तीर्थ’ ओतलं, फडक्यातून गाळलं. पाणी नितळ. मग निळ्या बाटलीतले तीन थेंब टाकले, आणि पाणी डांबरासारखं काळं झालं. सडक्या अंड्यांचा भपकारा सुटला.

“वास घ्या! डाकीण मायलेकींच्या अंगात कुजलीय!”

महाराजांचा पहिला पट्टा शिंपिणीच्या पाठीवर बसला. दिराने तिचे हात धरून ठेवले होते. “वहिनी, जरा सोसा. तुमच्याच भल्याचं आहे,” तो म्हणाला, जणू तिची दाढच काढायची होती. नवरा खाणीत पाळीवर होता. चौथ्या फटक्याला कापडासकट कातडी गेली. सहाव्याला तिचा ओठ तिच्याच दातांखाली चिरला.

“आता पोरीला आणा!”

शिंपिणीने दिराच्या मनगटाचा लचका तोडला आणि लेकीवर पालथी पडली. पट्टा कानावर आला. पोरीच्या केसांत आईचं रक्त ठिबकलं.

“महाराज, एक शंका,” मागून आवाज आला. माती तपासणाऱ्या बाई होत्या. आठ दिवस त्या दर पन्नास पावलांवर खड्डा करून पिशव्या भरत होत्या. लोक त्यांना वेडी म्हणत. “तुमच्या चपलेची माती बोलेल का?”

“संतांच्या पायाची धूळ पवित्र असते!”

“मग घाबरता कशाला?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात शिंपिणीने पडल्या जागेवरून महाराजांची चप्पल ओढली आणि तिचा तळ नखांनी खरवडला. बाईंनी तेच तीर्थ घेतलं, तेच फडकं, तेच तीन थेंब. पाणी काळंकुट्ट.

“डाकीण महाराजांच्या पायात!” कुणीतरी ओरडलं आणि विटेने महाराजांचे पुढचे दोन दात पाडले. काठ्या उगारल्या गेल्या.

बाई मध्ये आडव्या आल्या. “थांबा! डाकीण यांच्यातही नाही. तीर्थ म्हणजे व्हिनेगर. त्यात मातीतलं शिसं उतरतं. बाटलीत सोडियम सल्फाइड आहे; ते शिशाला भेटलं की काळं होतं. बाटलीवर शिक्का बघा, खाणीच्या प्रयोगशाळेचा! माझ्या नकाशात गाळाच्या ढिगाजवळची सतरा घरं वाईट आहेत. यांनी आजवर ज्या घरांतली माणसं झोडपली, ती हीच. परीक्षा बरोबर होती हो, औषधाला पट्टा घेतला तेवढंच चुकलं!”

महाराज दात शोधत होते.

“पोरीच्या अंगात हेच विषारी शिसं गेलं असणार; कळा, झटके त्याचेच. आजच दवाखान्यात नेऊन रक्त तपासा. या मातीत खेळू देऊ नका, जेवायच्या आधी हात धुवा. आणि कुणावर हात उचलण्यापूर्वी स्वतःच्या डोक्याला विचारा, हे कशावरून?”

दिराने रक्ताळलेलं मनगट उंचावलं आणि छाती फुगवून जाहीर केलं, “आजपासून या वस्तीत फक्त विज्ञानाचं राज्य!”

शिंपिणीने लेकीला खांद्यावर घेतलं.

“भावजी,” ती म्हणाली, “आधी रिक्षा आणा.”