हादरणाऱ्या चौथऱ्याखाली

वळसंगच्या पुढं, रस्त्यापासून आत, तुरीच्या शेतात एक पत्र्याचा मांडव उभा राहिला आणि दर मंगळवारी सोलापुरातून जीपा भरभरून माणसं तिकडं जाऊ लागली. मांडवात लाकडी चौथरा, त्यावर देवीची मूर्ती, चौथऱ्याच्या पुढ्यात समई आणि वर पितळी ताटात भंडारा. गुरुशांत महाराज डोळे मिटून हात वर करायचे. पंखा नाही, वारा नाही, तरी समईची ज्योत फडफडायची. ताटातला भंडारा जागच्या जागी नाचायचा. मग पुढच्या रांगेतल्या माणसांच्या छातीत कुणीतरी आतून धरून हलवल्यासारखं व्हायचं. आवाज मात्र कसलाच नाही.

"आवाज कोण करतं? माणूस करतं," महाराज म्हणायचे. "देवी बोलत न्हाय, देवी हलवती. जेच्या छातीत हलली, तेचा रोग मुळातनं हलला. आता वरनं गोळ्या खाल्ल्या तर देवीवर भरवसा न्हाय असं हुतंय की."

ईरम्मानं रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या त्या हे ऐकूनच. तिची मुलगी महेश्वरी सोलापुरात ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तिनं आधी समजावलं, मग चिडून बोलली, शेवटी हात टेकले. "अव्वा, तुझं डोकं दुखतंय, चक्कर येतेय. हे बरं होणं आहे का?"

"रोग बाहीर पडताना तरास देतोच. म्हाराज म्हणालेत."

महेश्वरी एकदा आईबरोबर जाऊन आली होती. छातीत तिच्याही हललं होतं, नाही कशाला म्हणा. पण चौथऱ्याला हात लावायला मनाई का, ते तिला कळेना. चौथऱ्याच्या पुढच्या फळीत खाली एक आडवी फट होती. तिच्यावर झेंडूच्या माळा सोडलेल्या होत्या आणि ज्योतीबरोबर त्या माळाही हलत होत्या. मागच्या पडद्याआड महाराजांचा शिष्य तिप्पण्णा बसलेला असे. तो कधीच पुढं येत नसे. हे सगळं तिच्या मनात सलत राहिलं.

उत्तर मिळालं ते घरातच, आणि तेही भलत्या कामातून. महेश्वरीला गाण्यांचा नाद. बाजारातल्या स्पीकरच्या तयार पेट्या तिला पसंत नव्हत्या. तबल्याचा डग्गा वाजला की त्या नुसत्या खडखडायच्या. म्हणून तिनं सब-वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, आणि त्याला जोर देणारा अँप विकत घेतला आणि पेटी स्वतः बनवायला काढली. जाड प्लायवूड मापानं कापून आणलं, सांधे फेविकॉलनं जोडले, कुठून हवा निसटू नये म्हणून कडा बुजवल्या. पुढच्या फळीत खाली एक अरुंद फट ठेवली. पेटीतली हवा तिथून आत-बाहेर करते, त्यानं खालचा सूर भरदार होतो.

पेटी तयार झाली त्या संध्याकाळी ती मोबाईलवरून एक सूर वाजवून हळूहळू खाली उतरवत होती. सूर घुमला, जाड झाला आणि मग ऐकूच येईना. माणसाच्या कानाची हद्द संपली होती. सब-वूफरचा पडदा मात्र हलतच होता.

त्याच खोलीत कोपऱ्यात देव्हारा. ईरम्मा निरांजन लावून वळली आणि पेटीजवळून जाताना तिच्या हातातली ज्योत फडफडली. ती जागीच थांबली. दुसरा हात छातीवर गेला.

"महे, आई आली गं घरात."

महेश्वरीनं अँपवरचं आवाजाचं बटण उलटं फिरवलं. ज्योत सरळ झाली. पुन्हा फिरवलं, ज्योत पुन्हा फडफडली. आईला तिनं शेजारी बसवलं, निरांजन फटीसमोर ठेवलं आणि बटण तिच्या हातात दिलं.

ईरम्मानं भीत भीत फिरवलं. ज्योत हलली. परत फिरवलं. थांबली. बराच वेळ ती तेच करत राहिली. मग तिनं पेटीच्या फटीवर तळहात धरला. फुंकर बंद झाली आणि ज्योत शांत झाली.

"तितंबी असंच हाय म्हणतीस?"

"म्हणत नाही. बघू या."

"बघूच," ईरम्मा म्हणाली. आवाजात राग होता, पण तो आज मुलीवर नव्हता.

मंगळवारी दोघी पुढच्या रांगेत बसल्या. शेजारी सयाजी नावाचा शेतकरी होता. त्याची बायको सोनाबाई खांबाला टेकून बसली होती. मधुमेहाचं औषध थांबवल्यापासून तिच्या पायाची जखम चिघळली होती, फडक्यातून वास येत होता.

महाराजांनी हात वर केले. ज्योत फडफडली. ईरम्मा दर्शनाला वाकावं तशी वाकली आणि खांद्यावरची शाल माळांमागच्या फटीत कोंबून तिथंच बसून राहिली.

ज्योत सरळ झाली.

महाराजांनी एक डोळा उघडला. "देवी रुसली," ते म्हणाले, पडद्याकडं बघून जरा मोठ्यानं. "तिप्पण्णा, धूप वाढव."

धूप वाढला नाही. चौथऱ्यातून ठक् ठक् असा आवाज यायला लागला, लाकडावर कुणी आतून हातोडी मारावी तसा. ज्योत हलेना म्हणून पडद्यामागं तिप्पण्णानं जोर वाढवला होता. शालीनं वाट अडवल्यावर आतल्या सब-वूफरवर भलता ताण पडून तो आपटत होता.

"ही देवी हाय व्हय?" सयाजी उठला. "चौथऱ्याला हात लावू नका," महाराज ओरडेपर्यंत त्यानं मूर्ती अदबीनं उचलून बाजूला ठेवली होती आणि वरची फळी उपटली होती. आत काळा, परातीएवढा सब-वूफर होता. तिथून निघालेली वायर पडद्याआड गेली होती. पडद्यामागं अँप होता, मोबाईल होता. तिप्पण्णा तेवढा नव्हता, तो तुरीत शिरला होता. "देवीनं परीक्षा घेतली," असं महाराज सांगू लागले, पण ऐकायला कुणी थांबलं नाही.

सयाजी फळी हातात धरून उभाच राहिला. "बाई, पण माझ्या छातीत हललं ते खरं हुतं."

"खरंच होतं," महेश्वरी म्हणाली. "ह्या चौथऱ्याचीच पेटी केलीय. कानाला ऐकू न येणारा सूर हवेला ढकलतो. फटीतून फुंकर येते, ज्योत हलते. फळी थरथरते, भंडारा नाचतो. तुमची छातीही हलते. रोग तेवढा हलत नाही."

सयाजीनं बायकोच्या पायाकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. मग तो जीपवाल्याला हाका मारत बाहेर गेला.

बायका अजून बसून होत्या. काही रडत होत्या. ईरम्मानं शाल झटकून खांद्यावर घेतली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मीबी हात जोडलेच की," ती म्हणाली. "देवाला जोडा, कोण नको म्हणतंय? पण ज्योत हलली तर का हलली, ते इचारा. हात लावू नका म्हणलं तर का नको, ते इचारा. जो इचारू देत न्हाय, तेच्या शब्दावर औषध सोडू नका. आता ह्या सोनाबाईला धरा, दोघीतिघी या. हिला आत्ताच दवाखान्यात न्यायचंय."