पाटीच्या सावलीतली शेवंती

वरवंडला हायवेलगत करुणा आणि सम्राट या नवराबायकोचं लहानसं रान होतं. ९८ साली करुणानं हट्टानं त्यात शेवंती लावली. सासूबाईंना, भागुबाईंना, फुलशेतीचा भरवसा नव्हता, तरी सुनेबरोबर खुरपायला त्याच पुढं असायच्या.

दसऱ्याला आतल्या बाजूचं रान पिवळंधमक झालं. हायवेकडच्या निम्म्या रानात मात्र कळीच नाही. झाडं चांगली कमरेएवढी, हिरवीगार काळोखी धरलेली, पण नुसता पाला. रोपं एकाच वाफ्यातली, खतपाणी सारखंच. सम्राट म्हणाला, जमिनीतच काहीतरी खोट असणार. शेजारणींनी दृष्ट लागल्याचं सांगून टाकलं.

फुलं तोडता तोडता करुणा थबकली. त्या बिनफुलांच्या भागात मधेच एक पट्टा फुलला होता, कडा दोरी लावून आखल्यासारख्या. ती विचार करत बांधावर बसली. दिवस मावळला आणि रस्त्यापलीकडं साहेबरावांच्या ढाब्यावरचा नवा हॅलोजन पेटला. लख्ख उजेड रानात पसरला. दिव्यापुढं ढाब्याची पाटी होती, तिची सावली नेमकी त्या पट्ट्यावर पडली होती.

करुणा पळतच घरी गेली आणि दोघांना हाताला धरून घेऊन आली.

“आत्या, झाडाला अंधार कळतो,” ती म्हणाली. “रात्र मोठी झाली, की ते कळी धरतं. हितं उजेडापायी रात्रच व्हईना.”

भागुबाई त्या पाल्यावरून हात फिरवत राहिल्या. “बिचाऱ्यांना झोपूच दिलं न्हाई कुणी,” त्या म्हणाल्या.

साहेबराव आधी कुरकुरले. दिव्यामुळंच तर गिऱ्हाईक थांबत होतं. पण सम्राटनं त्यांना रानात आणलं. फुलांच्या त्या पट्ट्यात उभं राहून त्यांनी वळून आपल्या पाटीकडं पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेलाचा डबा कापून दिव्याला टोपडं केलं. उजेड ढाब्याच्या अंगणापुरता उरला.

करुणा रोज शेंडे चाचपून बघायची. दिवाळीनंतर मुगाएवढ्या कळ्या दिसल्या, तेव्हा तिनं सम्राटला कामावरून येताच दारातूनच रानात ओढून नेलं.

मधल्या काळात नणंदेचं, सीमाचं, लग्न डिसेंबरात ठरलं. तोवर गावात सगळ्यांची शेवंती संपून गेली होती. करुणाचं हायवेकडचं रान मात्र ऐन भरात होतं. लग्नादिवशी सकाळी गल्लीतल्या बाया टोपल्या घेऊन तोडायला आल्या. बुद्धाच्या मूर्तीपुढं, बाबासाहेबांच्या फोटोला, मांडवाच्या खांबांना, सगळीकडं शेवंतीच शेवंती. पांढऱ्या साडीतली सीमा त्या पिवळ्या हारात उठून दिसत होती.

तरी फुलं सरेनात. भागुबाई मांडवाच्या दारात बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या केसात एकेक फूल खोवू लागल्या. साहेबराव आले, तर त्यांच्या टोपीतही एक खोवलं.

“घ्या आप्पा,” त्या म्हणाल्या. “चांगली झोप काढून उठल्यात ही.”