अडतीस नंबरचा पिंजरा जागेवरच आहे

मी अडतीस नंबरचा पिंजरा बोलतोय, आणि आधीच सांगतो, मी इथून हलणार नाही.

पिंजरा म्हटलं की माणसं नाक मुरडतात. मुरडू देत. मी कुणाला कोंडत नाही. कासविणीनं वाळूत अंडी घातली की मला त्या जागेवर उपडा घालतात, म्हणजे कुत्र्यांना उकरता येत नाही. पिल्लं वर आली की राखणदार मला बाजूला करतो. एवढंच माझं काम.

मला घडवलं इथल्या लोहारानं, पैसा मात्र दूरदेशीच्या सरकारचा. कासवीण अंडी इथं घालते आणि चरायला जाते त्यांच्या समुद्रात. म्हणून खर्च त्यांचा, राखण आमची. नऊ वर्षं सुरळीत चाललं. मग तिकडचं सरकार बदललं आणि पत्र आलं: निधी बंद, सगळं सामान महिनाअखेरीस जमा करा.

काल प्रकल्पाचे साहेब गाडी घेऊन आले. चाळीसपैकी एकोणचाळीस पिंजरे गाडीत चढले. माझ्याखाली नुसती वाळू पाहून साहेब म्हणाले, "हाही रिकामाच की!"

"रिकामा? खाली शंभरावर जीव आहेत, साहेब," राखणदार म्हणाला. "अंडी घातल्याला आज सत्तेचाळिसावा दिवस. आठवडाभर थांबा."

"मी थांबेन हो काका, पत्र थांबत नाही. माझीही नोकरी महिनाअखेरपर्यंतच आहे."

"मग ही घाई कुणासाठी?"

राखणदाराची बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती. डबा खाली ठेवून ती म्हणाली, "पाळण्यातल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण ओढतं का हो कुणी?"

साहेबांनी कागद पुढं केला. "मग नकार दिला म्हणून सही करा, काका."

"सही येत नाही. अंगठा देतो. पिंजरा देत नाही."

साहेबांच्या यादीत दोनच रकाने होते: 'जमा' आणि 'हरवला'. त्यांचं पेन एकावरून दुसऱ्यावर गेलं. मग माझ्या नंबरापुढं, दोन्ही रकान्यांवरून आडवं, त्यांनी लिहिलं: 'कामावर आहे.'

खाऱ्या वाऱ्यानं मी गंजलोय, कोपऱ्यातली एक तार सुटलीय. पत्र लिहिणाऱ्यांनो, आठवड्यानं या आणि मला खुशाल भंगारात घाला. तोवर हात लावू नका. खालची वाळू हलायला लागली आहे.