नववा मुलगा

सोमायनानं त्या मुलाचा कान धरून पिरगाळला आणि पाठीत एक धपाटा घातला.

"मेल्या, चार दिवस कुठं उलथला होतास? डुकरं उपाशी ओरडतायत, कुंपण पडलंय, आणि हा गावभर हिंडतोय!"

मुलगा बघतच राहिला. या बाईला त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

शाळेच्या पटांगणात सकाळपासून नऊ मुलं ओळीनं बसवली होती, हात पाठीशी बांधलेले. बंदच्या बाराव्या दिवशी रस्त्यावरून उचललेली. बोडोंच्या वेगळ्या राज्यासाठी जंगलात गेलेला कोण आणि घरात राहणारा कोण, हे ठरवायची पलटणीच्या साहेबानं सोपी रीत काढली होती. ज्याला आई येऊन ओळखेल तो घरचा. उरेल तो जंगलातला. उरलेल्याला गाडीत घालून नेत. असा नेलेला कुणी परत आल्याचं गंधाबिल गावात कुणाला आठवत नव्हतं.

आठ आया आल्या आणि आठ मुलं घेऊन गेल्या. आपला मुलगा गोजोन त्यांत नाही, हे सोमायनाला फाटकातूनच दिसलं होतं. ती तिथूनच वळली असती तरी चाललं असतं. पण तो नववा मुलगा फाटकातून येणाऱ्या प्रत्येक बाईकडे मान वर करून बघत होता. आठवी बाई गेल्यावर त्यानं बघायचं सोडलं. तेव्हा ती पुढं झाली होती.

"नाव?" कारकुनानं विचारलं.

मुलगा तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "गोजोन ओवारी. एकुलता एक आहे. बघा तुमच्या यादीत."

यादीत नाव होतं. तिनं अंगठा उठवला. साहेबानं एकदा मुलाकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

"दर सोमवारी आणि गुरुवारी हजेरी. घेऊन तू यायचंस."

परतीच्या वाटेवर बांबूच्या बेटाशी थांबलेल्या गावातल्या बायका त्यांना येऊन मिळाल्या. दहा दिवसांपूर्वी याच बायका रस्त्यावर गाड्यांपुढं आडव्या झोपल्या होत्या. शेजारच्या दाओश्रीच्या दंडावर काठीचा वळ अजून काळानिळा होता. सोमायना सगळ्यांत वडील, म्हणून साऱ्याजणी तिला अबो म्हणत, थोरली. पण आज दाओश्रीनं थोरलेपण बाजूला ठेवलं.

"अबो, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? उद्या खरा गोजोन सापडला तर काय सांगशील? जुळे झाले होते, एक विसरले?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"त्या पोराला गाडीत बसू द्यायचं होतं का मग?" सोमायना म्हणाली.

"मी तसं म्हटलं का?"

"मग गप चाल."

मुलाचं नाव खांफा. चंपामती नदीच्या पलीकडच्या गावचा. त्याची आई तो पाच वर्षांचा असतानाच गेली होती, हे त्यानं जेवताना, ताटाकडे बघत सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो निघायला लागला, तर सोमायना दारात उभी.

"तू गेलास की सोमवारी मी कुणाला नेऊ?"

तो राहिला. त्यानं कुंपण बांधलं, मागाची मोडकी पायपट्टी बदलली, रेशीमकिड्यांना पानं घातली. तो बसला की सोमायना आपल्या मुलाचा पाट त्याच्याकडे सरकवी, आणि मग बराच वेळ चुलीतली लाकडं सारखी करत बसे. जंगलात आपल्या मुलाला निरोप पाठवायची तिनं खटपट केली. इकडं येऊ नकोस, तुझं नाव दुसऱ्याला दिलंय. पण निरोप नेणारा वाटेतच अडकला.

पाचव्या आठवड्यात, भर दुपारी, गोजोन आला. सुपारीच्या झाडांमधून, एकेका खोडाचा आधार घेत. जंगलातला ताप अंगात भरलेला, डोळे पिवळे. सोमायनानं धावत जाऊन त्याला खांद्याशी धरलं. त्यानं आईच्या मागं अंगणात उभ्या असलेल्या खांफाकडे पाहिलं.

"आई, हा कोण?"

ती सांगायला लागली, पण शब्द पुरे व्हायच्या आत कुत्री भुंकली. गस्तीचे चार शिपाई फाटकात उभे होते. पुढचा हवालदार खांफाला चांगला ओळखत होता.

"काय गोजोन, आज पाहुणे?" आणि मग त्याचा आवाज बदलला. "हा कोण आहे, बाई?"

सोमायनाचा हात गोजोनच्या खांद्यावर तसाच राहिला. पाहुणा म्हणावं, तर कुठल्या गावचा? कुठल्या यादीत त्याचं नाव?

"ताप उतरत नाही तोवर अंथरूण सोडू नको म्हटलं होतं ना तुला?"

दाओश्री कुंपण ओलांडून आली होती. तिनं गोजोनचा दंड धरला आणि त्याला सोमायनाच्या हातातून ओढून घेतलं.

"माझा आहे, साहेब. मोनसरां. शेजारीच घर. काढा मागायला आला इथं. माझा काढा गोड लागत नाही ना याला."

हवालदारानं कागद उलगडला. दाओश्रीच्या घरापुढं मोनसरां खाखलारी, वय एकोणीस, असं लिहिलेलं होतं.

मोनसरां चैत्रातच गोळी लागून गेला होता. त्याला जंगलातच पुरलं होतं. सरकारात कळवलं असतं तर तो तिथं काय करत होता हेही सांगावं लागलं असतं, म्हणून कुणी कळवलं नाही. गावातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. दाओश्रीला मोठ्यानं रडताही आलं नव्हतं. तेव्हापासून आज पहिल्यांदा तिनं ते नाव तोंडातून काढलं होतं.

"हा आजवर दिसला नाही कधी," हवालदार म्हणाला.

"महिनाभर आजारी. बघा हात लावून."

हवालदारानं हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"गुरुवारपासून यालाही आणायचं."

शिपाई गेल्यावर सोमायनानं दाओश्रीकडे पाहिलं. दाओश्री तिच्याकडे बघत नव्हती. ती पदराच्या टोकानं गोजोनच्या मानेवरचा घाम पुसत होती, सावकाश, कानामागून गळ्यापर्यंत.

"चल," ती त्याला म्हणाली. "गस्त पुन्हा फिरेल. आता तिकडंच झोपायचं."

गुरुवारी चौघं निघाली. पुढं सोमायना आणि खांफा, दहा पावलं मागं दाओश्री आणि गोजोन. ताप उतरला होता, पण पायांत जोर नव्हता. पटांगणाच्या फाटकाशी शिपाई बंदूक टेकवून येणाऱ्यांकडे बघत होता. तिथल्या उतारावर गोजोनचा पाय घसरला आणि तो दोन्ही गुडघ्यांवर आपटला.

सोमायना गर्रकन वळली. दोन पावलं ती धावलीही. मग थांबली, परत फिरली, आणि पुढं केलेला हात तिनं खांफाच्या सदऱ्याकडे नेऊन त्याची सरळच असलेली कॉलर सरळ केली.

मागं दाओश्री गोजोनला उठवत होती.